ओटीपी बापाच्या मोबाइलवर

रायपूरच्या गुढियारीत, किराणा बाजारातल्या हमालाची पोर कॉलेजात गेली रे गेली, की कुणाला तरी तिच्यासाठी अ‍ॅप काढायची हुक्की येते. उमंग, डिजिलॉकर, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल आहेतच. त्यात आणखी एक. ओटीपी जातो बापाच्या मोबाइलवर आणि बाप असतो पोत्याखाली. शेवटी चॉइस सेंटर म्हणजे सरकारी ऑनलाइन कामांच्या दुकानातला पोरगाच चार पैसे घेऊन फॉर्म भरतो. मार्गदर्शक म्हणायचा तर तोच! खरी गंमत त्या फॉर्मला लागणाऱ्या जातीच्या दाखल्याची. अनुसूचित जातीसाठी 1950 च्या आधीपासूनच्या वास्तव्याचा कागद मागतात. घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा चढतंय कोण, तर ही. आणि कागद जपून ठेवायचे कुणी, तर अंगठेबहाद्दर पणज्याने! अ‍ॅपवाल्यांनी ‘पणजोबा अपलोड करा’ एवढं बटण तरी द्यावं.