इकडील सर्व क्षेम

आयटीत काम करणारा माणूस दिवसभर नक्की काय करतो, असं कोणी विचारलं की मी सांगतो, पत्रं लिहितो. ऐकणाऱ्याला वाटतं, ईमेल. तीही लिहावी लागतातच. पण त्यांना कोणी उत्तर देत नाही, तेव्हा ती जमेस धरायला नकोत. मी म्हणतो ती पत्रं काळ्या खिडकीत, एका ओळीत लिहायची असतात. ती दूरदेशीच्या यंत्रांना जातात आणि उत्तर बहुधा सेकंदाच्या आत येतं. ज्या अवजाराने ती पाठवायची त्याचं नाव कर्ल. पैसे वळते करणारी सेवा अडली? "कर्ल मारून बघ." कुरिअरच्या सेवेला पत्ता समजत नाही? "कर्ल मारून बघ." यातला मजकूर बहुतेक खोटाच असतो. ग्राहकाचं नाव 'टेस्ट', आडनावही 'टेस्ट', पिनकोड 411001, खरेदी एक रुपयाची. प्रश्न मात्र खरा असतो: बाबा रे, तुझं बरं चाललंय ना?

कर्लच्या आज्ञेला 'उणे व्ही' असं शेपूट जोडलं की हा सगळा पत्रव्यवहार पडद्यावर उघडा पडतो. ज्या ओळीच्या आधी तारका, ते कर्लचं स्वगत: पत्ता शोधतोय, सापडला, दार वाजवतोय, उघडलं. उजवीकडे तोंड केलेला बाण म्हणजे आपण लिहिलेलं, डावीकडे तोंड केलेला म्हणजे तिकडून आलेलं. आणि ते वाचताना लक्षात येतं की मांडणी थेट आपल्या जुन्या पत्रांची आहे. पहिल्या ओळीत पत्र लिहिण्यास कारण की. मग हेडर, म्हणजे मायना. त्यात ज्याला पत्र लिहिलं त्याचं नाव हवंच. कारण वाडा एक असला तरी आत बिऱ्हाडं शंभर असतात आणि नुसत्या वाड्याच्या पत्त्यावर टाकलेलं पत्र कोणाचं, हे कोणी ठरवायचं? मग लिहिणाऱ्याची ओळख: मी कर्ल, आवृत्ती अमुक. मग अपेक्षा. ब्राउझर इथे लांबलचक फर्माईश करतो, ही भाषा हवी, चित्रं अशीच हवीत. कर्ल फक्त दोन तारका आणि मध्ये एक तिरकी रेघ लिहितो. अर्थ, जे असेल ते चालेल. मग एक ओळ कोरी, आणि त्याखाली मजकूर.

मजकूर पाठवायचा तर तो किती बाइटचा आहे हेही बहुधा मायन्यातच सांगून ठेवतात. ही लेखनसीमा. जुन्या कागदांवर शेवटी मोर्तब उठवायचे ते कोणी खाली चार ओळी आपल्या पदरच्या घुसडू नयेत म्हणून. ती भीती आजही खरीच आहे. दारावरचा सर्व्हर आणि आतला सर्व्हर यांचं पत्र कुठे संपलं याबद्दल एकमत झालं नाही, तर एका पत्राच्या पोटातून दुसरं पत्र आत सरकवता येतं. या चोरट्या धंद्याला आमच्यात 'रिक्वेस्ट स्मगलिंग' म्हणतात आणि त्याने भल्याभल्या सेवांची झोप उडवली आहे. बाकी 1991 सालच्या मूळ एचटीटीपीत यातलं काहीच नव्हतं. एक ओळ मागणी, उत्तरात नुसता मजकूर. ना मायना, ना ख्यालीखुशाली.

ख्यालीखुशाली पुढे आली ती तीन आकडी कोडांच्या रूपाने, आणि माझा जीव खरा जडला आहे तो या कोडांवर. 404 सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे त्याचं मला फारसं कौतुक नाही. मला गंमत वाटते 401 आणि 403 या सख्ख्या भावांची. 401 म्हणतो, तू कोण ते आधी सांग. 403 म्हणतो, तू कोण ते कळलं, म्हणूनच नाही. 405 ला दार मान्य आहे, शिरण्याची पद्धत मान्य नाही. 429 सांगतो, फार वेळा येतोस. 503 हा सगळ्यांत खानदानी: सध्या जमत नाही म्हणतो आणि मनात आलं तर किती सेकंदांनी पुन्हा यावं तेही मायन्यात लिहून पाठवतो. आणि 418. 'मी चहाची किटली आहे.' हा 1 एप्रिल 1998 रोजी काढलेल्या कॉफीयंत्रांच्या नियमावलीतला विनोद. किटलीला कॉफी करायला सांगितली तर तिने द्यायचं उत्तर ते. तारीख बघूनही काही सज्जनांनी ते गंभीरपणे अमलात आणलं. पुढे हा आकडा काढून टाकण्याची सूचना आली तेव्हा किटलीच्या बाजूने जगभरातून लोक उभे राहिले.

या सगळ्यांत मला खरा राग कोणाचा येत असेल तर तो 500 चा नाही. तो बिचारा सरळ सांगतो की माझ्या आत काहीतरी फुटलंय. राग येतो तो 200 देऊन गळा कापणाऱ्यांचा. 200 म्हणजे सर्व ठीक. मायन्यात 200 आणि खाली मजकुरात 'व्यवहार अयशस्वी, कृपया नंतर प्रयत्न करा'! वर 'इकडील सर्व क्षेम' आणि आत घराला लागलेली आग. अशी पत्रं पूर्वी सासरी गेलेल्या मुली लिहायच्या. त्यांचा नाइलाज होता. सर्व्हरचा कसला नाइलाज? पण ही खोड इतकी पसरली आहे की आमच्या टीममधली नवी मुलगी 200 दिसल्यावरही मजकूर शेवटपर्यंत वाचून काढते. "सर, तब्येत वरच्या ओळीत नाही कळत," असं तिने मला एकदा ऐकवलं. पोरगी पुढे जाणार.

तिच्या वयाची मंडळी कर्लऐवजी बंगळुरूत जन्मलेलं 'पोस्टमन' वापरतात. त्यात बटणं असतात, रंग असतात. नाव बाकी नेमकं ठेवलंय. पण गाडं अडलं की तीच मंडळी पोस्टमनलाच "याचा कर्ल करून दे" म्हणतात, कारण तेवढी एक ओळ कोणालाही पाठवता येते आणि ती कुणाच्याही यंत्रावर तशीच चालते. ब्राउझरांतही ही सोय आहे. फक्त त्या ओळीत आपली गुप्त किल्लीही जाते, एवढं पाठवण्याआधी बघावं.

हे अवजार कुणा कंपनीने प्रकल्प आखून केलेलं नाही. 1996 साली डॅनियल स्टेनबर्ग नावाच्या स्वीडिश तरुणाला गप्पांच्या एका चॅनलवर चलनांचे भाव सांगणारा बॉट करायचा होता. भाव वेबवर होते, ते आपोआप आणायचे कसे? ब्राझीलच्या रफायल सागुला यांनी लिहिलेला एक चिमुकला प्रोग्राम त्याला सापडला. तो त्याने सुधारला, पुन्हा सुधारला, दोनदा बारसं केलं आणि मार्च 1998 मध्ये कर्ल हे नाव कायम झालं. सुधारणं अजून चालू आहे. दरम्यान ते फोनांत, टीव्हींत, मोटारींत जाऊन बसलं. 2021 साली मंगळावर उडालेल्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरच्या कामी आलेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या यादीतही ते होतं. 2017 साली स्टेनबर्गना स्वीडनच्या राजाच्या हस्ते पोल्हेम पारितोषिकाचं सुवर्णपदक मिळालं. भाव बघायला निघालेल्या माणसाला सोनं मिळाल्याचं हे एकच उदाहरण मला माहीत आहे.

कर्ल फुकट आहे. अट इतकीच की परवान्याचा मजकूर सोबत ठेवावा. त्या मजकुरात स्टेनबर्ग यांचं नाव आहे आणि ईमेलचा पत्ताही. मोटार बनवणाऱ्या कंपन्या तो इमानाने आपल्या पडद्याच्या कुठल्यातरी तळघरात ठेवून देतात. गाडीचा नकाशा बिघडला की मालक चिडून बटणं दाबत सुटतो, तळघरात पोहोचतो, आणि अख्ख्या गाडीत त्याला हाडामांसाच्या माणसाचा असा हा एकच पत्ता सापडतो. मग पत्र स्वीडनला. स्टेनबर्ग अशी पत्रं जपून ठेवतात. 2022 च्या जानेवारीत एका बलाढ्य कंपनीने त्यांना खलिता धाडला की 'लॉगफोरजे' नावाच्या सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या भोकाबद्दल या प्रश्नांची उत्तरं चोवीस तासांत द्या. कर्लचा त्या भोकाशी काडीचा संबंध नव्हता. त्यांनी कळवलं, करार करा, आनंदाने सांगतो. उलट टपाली जे पत्र आलं त्यात कंपनीने त्यांना 'डेव्हिड' करून टाकलं होतं. यांनी पुढच्या पत्राचा मायना लिहिला, 'प्रिय गोलायथ'. बायबलातल्या त्या पोराने गोफणीने कोणाला लोळवलं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या मायन्यानंतर मजकूर वाचायची गरज नाही.

वाचकांपैकी ज्यांनी हे अवजार पाहिलेलं नाही त्यांना सांगतो, ते बहुधा तुमच्या घरी आहे. मॅकवर ते पूर्वीपासून आहे आणि विंडोज 10 मध्ये 2018 पासून येतं. विंडोजवर काळी 'कमांड प्रॉम्प्ट'चीच खिडकी उघडा. तिथल्या जुन्या निळ्या पॉवरशेलमध्ये कर्ल लिहिलंत तर त्या नावाने भलताच कोणी ओ देतो. भाऊसाहेबांच्या तोतयाची गोष्ट ज्यांच्या पुस्तकात आहे त्यांना अधिक सांगणे न लगे. खऱ्या खिडकीत कर्ल, मग एक जागा सोडून डब्ल्यूटीटीआर डॉट इन, तिरकी रेघ आणि इंग्रजीत आपल्या गावाचं नाव लिहा. अक्षरांनीच काढलेले ढग आणि सूर्य घेऊन गावचं हवामान येईल. कधी तिकडे फार गर्दी असते आणि उत्तर येत नाही. तेव्हा थोडं थांबा. दर सेकंदाला विचारू नका, 429 येईल.