हिरो सोडा, बॉडी कुठली?

जुने सिनेमे फक्त बसगाड्यांसाठी बघणारे दर्दी आपल्या अलिबाग-पेणकडेही सापडतात. 1972चा 'बॉम्बे टू गोवा' लागला की मेहमूदची कंडक्टरकी राहते बाजूला. हे दर्दी चित्र थांबवून वाद घालतात: शिडी डावीकडे की उजवीकडे, टपाला कॅरिअर कसला? 2004च्या 'नवरा माझा नवसाचा'मध्ये अशोक सराफ तिकिटं फाडतायत, सगळं घर हसतंय, आणि यांचा प्रश्न: बॉडी एसटीच्या दापोडी वर्कशॉपची की चिकलठाण्याच्या?

माझी शंका बॉडीची नाही, रस्त्याची आहे. मुंबईहून कोकणातून गोव्याला जायचं तर वडखळ, नागोठणं, कोलाड, माणगाव चुकत नाही. मग पडद्यावर खड्ड्यांनी एकाचंही डोकं टपाला कसं आपटत नाही? याच रस्त्याचं पळस्पे-इंदापूर चौपदरीकरण 2011ला सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं. तेव्हा जन्मलेली पोरं आता दहावीच्या वयाची झाली. मेहमूदची बस अलीकडे गणपतीत निघाली असती, तर इंटरव्हल माणगावच्या कोंडीतच करावा लागला असता. अरुणा इराणीच्या मागावर असलेल्या शत्रुघ्न सिन्हाला तर गाडीही लागली नसती. वडखळला वडापाव खाऊन, चहा मारून, चालत येऊनही त्यानं बस गाठली असती.