कोको लावा, ढमढेरे!

समजा, छोट्या कोको शेतकऱ्यांना शाश्वत शेती शिकवणारं एखादं पथक आमच्या तळेगाव ढमढेऱ्यात उतरलं. अशक्य काही नाही. कॅडबरीचा चॉकलेटचा कारखाना तळेगाव दाभाड्याजवळ, इंदोरीला. आणि दोन तळेगावांत गल्लत करण्याची परंपरा नव्या पाहुण्यांनी निष्ठेनं जपलेली. चूक कळेपर्यंत फ्लेक्स लागलेला, पोहे शिजलेले. एवढं झाल्यावर आपल्याकडे प्रशिक्षण रद्द होत नसतं.

पथकाचे साहेब सुरू झाले. कोकोला दमट हवा हवी, भरपूर पाऊस हवा, डोक्यावर नारळ-पोफळीची छाया हवी.

"आमच्याकडं पर्जन्यछाया हाये, चालंल का?" आबांनी विचारलं. "दाट सावली म्हणाल तर फक्त उसात. पण तिथं बिबट्या बसलाय."

साहेब डगमगले नाहीत. केरळात कॅडबरीनं 1965 पासून कोको कसा रुजवला, 2012 साली कोको शेतकऱ्यांसाठीचा 'कोको लाइफ' कार्यक्रम कसा सुरू झाला, सगळं पडद्यावर आलं. मग छाटणी, शेंगा फोडणं, बिया आंबवणं, वाळवणं. आमची मंडळी शहाण्यासारखी ऐकत होती. माती परीक्षण, ठिबक, पाचट न जाळता कुजवणं अशा इतक्या शेतीशाळा आम्ही पचवल्यात, की माना कुठं डोलवायच्या हे पाठ आहे.

पुढच्या चित्रात डिसेंबर 2024 चा न्यूयॉर्कचा भाव आला: टनाला 12 हजार डॉलरवर. माना डोलायच्या थांबल्या.

"कोको पिकवणाऱ्या घानाच्या शेतकऱ्याला यातलं किती पोचलं?" आमच्यातल्या एकानं विचारलं.

निम्म्याहूनही कमी. तिथं भाव सरकारी मंडळ ठरवतं, आणि बराचसा माल आधीच विकून टाकलेला असतो.

"म्हंजे आमच्या उसाची एफआरपीच की!" आबा खुलले. परका माणूस एकदम भावकीतला निघाला. "साहेब, 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात लिवलंय, गाळपाला ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे, न्हाई तर 15 टक्के व्याज. आमचं शिकून झालं. आता पैसे देणाऱ्यांची शाळा घ्या. निवासी ठेवा. 14 पर्यंत आकडे मोजायला शिकवा, मग व्याजाचं गणित. पोहे आमच्याकडून."

"विषय चांगला आहे," साहेब लॅपटॉप मिटत म्हणाले, "पण या घटकाच्या क्षमताबांधणीसाठी निधीची तरतूद नसते."

प्रमाणपत्रं मात्र सगळ्यांना मिळाली.