माझ्याकडे दिसतंय!

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत गणपतीच्या महाप्रसादाची नावनोंदणी यंदा मोबाइलवर करायची ठरली. कॉम्प्युटरवाला मीच, म्हणून ते वेबपान माझ्याच गळ्यात पडलं. एका रात्रीत केलं. लॅपटॉपवरच खिडकी मोबाइलएवढी अरुंद करून पाहिली. सगळं जिथल्या तिथे.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या.

"अरे, नाव लिहिलं, माणसं लिहिली. पाठवायचं कुठून?"

"खाली बटण आहे की, काकू."

"नाहीये."

"माझ्याकडे दिसतंय!"

"मग तूच जेव."

1900 साली अण्णा कर्व्यांनी इथे हिंगण्याच्या माळावर विधवांच्या आश्रमासाठी झोपडी बांधली. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि संध्याकाळी चालत हिंगणं गाठायचं. गणित काय, घरी बसूनही सुटतं; दुसऱ्याची अडचण मात्र तिथे गेल्याशिवाय दिसत नाही. त्यांच्या नावाच्या नगरात राहून मला दोन मजले उतरायचा कंटाळा! मुकाट लॅपटॉप उचलला आणि काकूंकडे गेलो.

त्यांचा फोन लॅपटॉपला जोडायला घेतलेली पहिली केबल नुसती चार्जिंगची निघाली. दुसरी लावली. मग फोनच्या सेटिंगमध्ये 'बिल्ड नंबर'वर सात टिचक्या मारायला सांगितल्या. सातवीला फोन म्हणाला, आता तुम्ही डेव्हलपर झालात.

"वडाला सात फेरे घालून हे मिळाले," पेपरामागच्या काकांकडे बघत काकू म्हणाल्या, "आणि सात टिचक्यांत नोकरी?"

यूएसबी डीबगिंग चालू केलं, फोनने विचारलेली परवानगी दिली आणि लॅपटॉपवर क्रोमचं 'इन्स्पेक्ट' उघडलं. तिथे फोनमधले उघडे टॅब एकजात ओळीने येतात, हे काकूंना आधी सांगायचं राहिलंच. गुडघेदुखीवर घरगुती उपाय. उकडीचे मोदक का फुटतात. न्यू जर्सीत आत्ता किती वाजले. न्यू जर्सीत आत्ता किती वाजले. मी घाईने आमचं पान शोधलं.

काकूंच्या फोनचा पडदा आता माझ्या लॅपटॉपवर होता. कोडच्या एकेका ओळीवर माऊस नेला की तेवढा भाग त्यांच्या हातात निळा व्हायचा. मोतीबिंदूपायी त्यांनी अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलेली. मी मात्र चौकटीची उंची बांधून टाकली होती आणि वर सांगून ठेवलं होतं, मावणार नाही ते झाकून टाक. माझ्या बारीक अक्षरांना जागा पुरली. काकूंची अक्षरं फुगली आणि बटण झाकलं गेलं.

उंचीची ओळ काढली. इकडे मी खोडलं, तिकडे काकूंच्या तळहातावर 'पाठवा' उगवलं.

"थांबा, पान ताजं करू नका, नाहीतर पुन्हा जाईल. मूळ फाइलमध्ये बदलतो मग." एवढ्यात त्यांनी बटण दाबलंसुद्धा. नोंद माझ्याकडे आली : माणसं चार.

"काकू, तुम्ही तर दोघंच ना?"

"गणपतीत कोण येईल, सांगता येतं का?"