तलाव मामाचा, गाळ कुणाचा?

भंडाऱ्यातले माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच मामा तलाव, बांधले गेले तेव्हा निविदा निघत नसत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या जाणकारांनी जमिनीचा उतार पाहिला, मातीची पाळ घातली आणि धानाला पाणी मिळालं. दुरुस्तीला गाव कुदळी घेऊन यायचं.

1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली, तलाव सरकारचे झाले. आता गाव अर्ज घेऊन येतं.

लहान तलाव जिल्हा परिषदेचे, मोठे पाटबंधारे खात्याचे, मासळी सहकारी संस्थेची. गाळ तेवढा कुणाचाच नाही, म्हणून तो निवांत वाढला. सोबतीला बेशरमाची झुडपं.

मग जनजागृती आली: फलक, शपथ, प्रभातफेरी, चहा. कोहळ्यांच्याच वंशजांना पाणी कसं अडवावं हे समजावून सांगण्यात आलं. त्यांनी टाळ्याही वाजवल्या. विदर्भात पाहुण्याचा मान राखतात.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकरांनी उलट केलं. ते मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाकडे शिकायला गेले. कुठल्या माशाला कुठली पाणवनस्पती लागते, हे ढिवरांना तोंडपाठ. शेजारच्या गोंदियात, अर्जुनी मोरगाव परिसरात, लोकांनी बेशरमाची झुडपं उपटली, तलावात देशी वनस्पती लावल्या. देशी मासे परतू लागले.

आता या सगळ्यात दीपप्रज्वलन नेमकं कुठे बसवायचं, ही अडचण आहेच.