विंचवाचं बिऱ्हाड, मुक्काम पातागोनिया

जानेवारी-फेब्रुवारीत दक्षिण चिलेतल्या कुठल्याही हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात डोकावा, तो गॅसपाशी उभा असतो. पातेल्यात पास्ता उकळत असतो आणि गॅस कमी लागावा म्हणून तो झाकण घट्ट दाबून धरतो. गॅस हॉस्टेलचा असतो, पण सवय मोडू नये. पायाशी सत्तर लिटरची सॅक, तिला बाहेरून लटकवलेला पत्र्याचा मग, गुंडाळलेली चटई आणि दोन दिवसांपूर्वीचे ओले मोजे. चिलेत त्याला मोचिलेरो म्हणतात. तो म्युनिकचा असेल, मेलबर्नचा असेल, नाहीतर सांतियागोच्या विद्यापीठातून सुट्टीवर आलेला असेल. एकदा सॅक पाठीला लागली की सगळे एकाच घरातले दिसू लागतात.

तुमचं नाव काय, हे तो विचारत नाही. 'इथे किती दिलेस?' हा त्याचा पहिला प्रश्न. तुम्ही आकडा सांगितलात की तो हळहळतो, कारण तो मागच्या अंगणात स्वतःचा तंबू ठोकून निम्म्यात भागवतो आहे. पावसात रात्रभर तंबू गळला, हेही तो अभिमानाने सांगतो. अंगातल्या जॅकेटची किंमत मात्र तो कुणाला सांगत नाही.

हॉस्टेलात एक फडताळ असतं. जाणाऱ्याने उरलेलं तिथे ठेवायचं, येणाऱ्याने हवं ते घ्यायचं. ओट्सची अर्धी पुडी, तळाशी दोन चमचे मीठ, कुणी तरी दोन महिन्यांपूर्वी धास्तावून सोडून दिलेला करी मसाला. मोचिलेरो गावात शिरला की आधी हे फडताळ बघतो, मग डोंगर.

या मंडळींना जगातली सगळी उतरंड अमान्य असते, आपली स्वतःची सोडून. ती बघायची तर कारेतेरा आउस्त्रालवर जावं. पुएर्तो मोन्तपासून विया ओ'इगिन्सपर्यंत सुमारे 1,240 किलोमीटरचा हा रस्ता. पिनोचेतच्या लष्करी राजवटीत 1976 साली त्याचं काम सुरू झालं. अजूनही त्याचे लांबच लांब पट्टे खडीचे आहेत, आणि काही ठिकाणी रस्ताच संपतो व पुढे फेरीबोटीत बसावं लागतं. रात्री जेवणाच्या टेबलावर मान ठरतो तो या खडीवरून कोण कसा आला यावरून. सायकलवाला सर्वांत वर. त्याच्या पोटऱ्यांवरचा चिखल हे त्याचं प्रमाणपत्र, म्हणून तो आंघोळीची घाई करत नाही. त्याखाली अंगठा दाखवून लिफ्ट मागत आलेला. त्याखाली बसवाला. भाड्याची मोटार घेऊन आलेला बिचारा टेबलाच्या कडेला गप्प बसतो आणि सकाळी चौघांना पुढच्या गावापर्यंत सोडायचं कबूल करून प्रायश्चित्त घेतो. एखादा उशुआइयाहून अलास्कापर्यंत निघालेला निघाला, तर मग सायकलवालाही त्याला स्वतःहून मीठ देतो.

लिफ्ट मागण्याची कडक शिस्त असते. नंतर आलेल्याने आधी आलेल्याच्या पुढे उभं राहायचं नाही. सुट्टीच्या दिवसांत याच रस्त्यावरच्या कोयाइके शहराच्या वेशीवर या शिस्तीपायी दूरवर रांग लागते, आणि येणारी प्रत्येक पिकअप लाकडांनी नाहीतर मेंढ्यांनी भरलेली असते. त्यातून जानेवारी म्हणजे ताबानोंचा महिना. ताबानो ही भली मोठी घोडमाशी. तिला गडद रंग फार प्रिय, आणि मोचिलेरोचं ते महागडं जॅकेट नेमकं काळं असतं. पातागोनियात जो घाई करतो त्याचा वेळ वाया जातो, अशी तिकडची म्हण आहे. पहिल्या तासाला ती तो तुम्हाला ऐकवतो. तिसऱ्या तासाला तुम्ही त्याला ऐकवून बघा.

मोठ्या कंपन्यांवर त्याचा राग आहे. तो राग तो पुमालिनच्या अरण्यात, पाठीवर 'द नॉर्थ फेस'ची सॅक घेऊन व्यक्त करतो. गंमत अशी, की ते अरण्य राखलं गेलं ते याच कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या डग्लस टॉम्पकिन्सच्या पैशातून. धंदा विकून त्याने इथे जमिनी घेत नेल्या, 2015 मध्ये हेनेराल कारेरा सरोवरात कयाक उलटून तो गेला, आणि 2018 मध्ये त्याच्या पत्नीने चार लाख हेक्टरांहून अधिक जमीन राष्ट्रीय उद्यानांसाठी चिले सरकारच्या स्वाधीन केली. हे सांगितलं की मोचिलेरो सॅकचा पट्टा आवळतो आणि धबधब्याकडे बघू लागतो.

एकांत हवा म्हणून तो तोरेस देल पाइनेच्या राष्ट्रीय उद्यानात जातो. तिथे तंबूची जागासुद्धा आगाऊ राखून ठेवावी लागते, म्हणजे या मुक्त जीवाने कित्येक महिने आधी घरी बसून तारखा ठरवलेल्या असतात. पहाटे तिथल्या तीन सुळक्यांवर सूर्याची पहिली किरणं बघायला तो अंधारात चढू लागतो. पुढे शंभर जणांच्या कपाळावरचे दिवे, मागे शंभर. वर पोचल्यावर प्रत्येक जण उरलेल्या सगळ्यांना चौकटीबाहेर ठेवून आपल्या एकांताचा फोटो काढतो.

त्या उद्यानात 2005 मध्ये एकाच्या स्टोव्हमुळे वणवा पेटला. 2011 च्या अखेरीस पुन्हा पेटला, तेव्हा सतरा हजारांहून अधिक हेक्टर जळाले. आता तिथे शेकोटीला सक्त बंदी आहे. मोचिलेरो हे सगळं कळवळून सांगतो आणि शेवटी म्हणतो, "हे पर्यटक असलेच!" दोन्ही वेळी आग लागली ती सॅक आणि तंबू घेऊन हिंडणाऱ्यांकडून, हे आपण सांगून काय उपयोग?

मराठी मोचिलेरोही हल्ली दिसू लागला आहे. त्याची अडचण वेगळी. जर्मन पोराने पासपोर्ट दाखवला की त्याला नव्वद दिवस मोकळे. 'प्लॅन काही नाही, वारा नेईल तिकडे' हे वाक्य त्याला शोभतं. आपल्याकडच्याचा वारा कुठे नेणार आहे याची बुकिंगं, बँकेच्या हिशोबासकट, आधीच वकिलातीच्या फायलीत गेलेली असतात. सीमेवर मात्र सगळे सारखे. अर्जेंटिनातून चिलेत शिरताना फळं, भाज्या, मध काही चालत नाही. लपवलं तर दंड. त्यामुळे सीमेवरच्या रांगेत यच्चयावत मोचिलेरो उभ्याउभ्या गाजरं आणि सफरचंदं संपवत असतात. अशाच एका रांगेत आपल्या पुण्याच्या मुलाने निमूटपणे मेतकुटाची डबी काढून पुढे ठेवली. अधिकाऱ्याने वास घेतला, सहकाऱ्याला बोलावलं, त्यानेही घेतला. डबी परत मिळाली. नंतर हॉस्टेलात ती फडताळात ठेवण्याचं औदार्य मात्र त्याला झालं नाही.

या सगळ्यांना रात्री आसरा देणाऱ्या बायका कारेतेरा आउस्त्रालवरच्या छोट्या गावांत घरोघर असतात. स्वयंपाकघरात लाकडाची भली मोठी चूल, चुलीवर दोरीला सगळ्या खंडांचे मोजे, आणि खाली बाईंची कणीक मळणं चाललेलं. ते बघून मोचिलेरोला भरून येतं. असं साधं जगायला हवं, म्हणतो. पाव संपवता संपवता तो मनातली भीती बोलून दाखवतो: हा रस्ता पूर्ण डांबरी झाला की इथलं सगळं बिघडणार. खडी आहे तोवरच खरा पातागोनिया. बाईंच्या सुनेला बाळंतपणासाठी याच खडीवरून तासन्‌तास हादरत कोयाइकेच्या इस्पितळात न्यावं लागलेलं असतं. त्या मान हलवून त्याचं ऐकून घेतात, कणकेचे हात पुसतात, भिंतीवरची वही काढतात आणि त्याच्या हिशोबात गरम पाण्याच्या आंघोळीचे पैसे वेगळे मांडतात.