व्होल्टवाला

हर्णै असो की मालवण, जाळ्याच्या बोटींवर एक तरी व्होल्टवाला असतोच. मूळचा गडी गाण्यांचा शौकीन. पदरचे पैसे घालून त्याने केबिनमध्ये गाडीतला जुना डेक बसवला, ॲम्प्लिफायर आणला, दोन स्पीकर चढवले. त्या दिवसापासून त्याने एकही गाणं धड ऐकलेलं नाही. गाणं सुरू असताना तो मीटरकडे बघत असतो.

अडचण खरी आहे. इंजिन चालू असतं तेव्हा डायनमो 14 व्होल्टच्या आसपास चार्जिंग देतो, पण सहा सिलिंडरच्या धडधडीत गाणं कुणाच्या बापाला ऐकू येत नाही. जाळं सोडून इंजिन बंद केलं की खलाशी मोकळे, समुद्र गप्प. गाणं ऐकावं तर तेव्हाच, आणि चार्जिंग बंद तेही तेव्हाच.

"दादा, लाव की जरा!"

दादा लावतो. ढोलकीचा ठेका पडला की मीटरवरचा आकडा खाली येतो, पाठोपाठ दादाचा चेहरा. दोन गाण्यांनंतर डेक बंद. कारण भार असताना दिसणारा आकडा खरा नव्हे. बॅटरीला विसावा द्यायचा, मग बघायचं. 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्धी. हा विसावा गाण्यांपेक्षा लांबतो.

हिशेब त्याला तोंडपाठ. डेक 10 अँपिअर खातो, म्हणजे 100 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर 10 तास. पण शिशाची बॅटरी वरचेवर अर्ध्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून 5. शिवाय शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तासन्‌तास लागतात आणि बंदर तेवढं लांब नसतं. वजाबाकी करत करत तो अर्ध्या तासावर येतो. तोवर जाळं ओढायची वेळ झालेली असते.

शेजारच्या बोटीवर मात्र रात्रभर बास घुमतो, तोही इंजिनाच्या बॅटरीवर. ती पातळ प्लेटींची, काही सेकंद शेकडो अँपिअरचा झटका द्यायला केलेली. मैफल तिला सोसत नाही. पहाटे तिथला तांडेल सेल्फ मारतो. नुसतं 'टक्'. एका सिलिंडरचं इंजिन हँडल मारून तरी उठतं, सहाचं कोण फिरवणार?

"अरे, वायर दे रे!"

व्होल्टवाला वायर देतो, पण आधी प्रवचन: गाण्यांची बॅटरी वेगळी हवी, मध्ये चेंजओव्हर हवा, आणि तो स्विच 'दोन्ही'वर विसरायचा नाही. तांडेल निमूट ऐकतो. त्याला लिलाव गाठायचा असतो.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. तेव्हा बॅटरी घरी, पडवीत, फळीवर. सिमेंटवर ठेवली की उतरते, असं त्याचे वडील सांगत. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या बॅटऱ्यांना ते लागू नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. फळी तरीही आहे. नुसती पडूनही बॅटरी थोडी थोडी उतरतेच, म्हणून महिन्याला चार्जर. पावसात वीज गेली की शेजारी मोबाईल घेऊन येतात. तो मीटर लावतो, 12.4 दाखवतो आणि त्यांची चहावर बोळवण करतो.